अर्ध्या वाटीचं पोट

आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षांहून जास्त झाली, तरी पुण्याच्या त्या डॉक्टरांना तुम्ही विचारलेले प्रश्न मला अजून पाठ आहेत. पेशंट मी होते आणि मला एकही प्रश्न सुचला नव्हता. तुम्ही खुर्चीच्या अगदी कडेला बसला होतात, चप्पल दाराबाहेर काढून, आणि डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढायला घेतल्यावर पुढे वाकून म्हणालात, "खालचं पोट कापून फेकता का तसंच ठिवता आत?" डॉक्टर म्हणाले, ठेवतो, फक्त वर टाचण्यांनी शिवून एक लहान पिशवी करतो, तिच्यात अर्धी वाटी अन्न मावतं, ते हळूहळू खाली उतरतं, माणसाला थोडक्यात भरल्यासारखं वाटतं. तुम्ही चित्राच्या खालच्या भागावर बोट ठेवलंत. मग विचारलंत, "आन ते खालचं मोठं पोट? ते काय करीत बसंल दिवसभर?"

मी कोपरगावची. टेलिफोन एक्स्चेंजला नोकरी लागली आणि बदली श्रीरामपूरला झाली, तेव्हा स्टँडमागच्या तुमच्या खानावळीत मी डबा लावला होता. डबा रोज चाटूनपुसून परत यायचा. "रिकामा डबा धाडनारी पोरगी मला लई आवडती," असं तुम्ही आमच्या एक्स्चेंजच्या शिपायाला सांगितलंत आणि वर्षाच्या आत मी तुमची सून झाले. तुमचा मुलगा तेव्हा साखर कारखान्यात फिटर होता. हंगामात तो पाळ्या करायचा आणि घरात आपण दोघीच असायचो. मी जाड होतेच, पण लग्नानंतर वाढतच गेले. पाळी चार-चार महिने यायची नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी तुम्हाला वाटायचं की दिवस राहिले, आणि तुम्ही गुपचूप मला पहिल्या वाफेचा भात वाढायचात. नंतर तुम्ही ते बंद केलंत. मग माझ्या हनुवटीवर केस येऊ लागले. मंगळवारी बाजारातून आलात आणि आरशापुढच्या फळीवर एक नवा चिमटा ठेवून चुलीकडे गेलात. तुमच्याकडून मला मिळालेल्या वस्तूंत साड्याही होत्या. पण त्या चिमट्याइतकी गरजेची दुसरी नव्हती.

नगरच्या बाईडॉक्टरांनी सोनोग्राफी केली. अंडाशयावर बारीक बारीक गाठी आहेत म्हणाल्या. यात वजन वाढतं आणि वजन वाढलं की हे आणखी वाढतं. वजन उतरवा, पाळी येईल, मग पुढचं बघू. मी उतरवायला निघाले. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, सगळे उपास धरले. एक दिवस हेडफोन कानाला असतानाच मला चक्कर आली आणि रिक्षात घालून घरी आणलं. तुम्ही मीठ-साखरेचं पाणी पाजलंत आणि मग असं बोललात की खानावळीतली माणसं जेवायची थांबली. "उपाशी राहून देव पावंल, पोर न्हाई पावायचं! माज्या घरात येऊन उपाशी मेलीस तर लोकं मला काय म्हनतील? खानावळवालीची सून भुकेनं गेली?" मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. तुम्ही आयुष्यात एवढ्यांदा रागावला होतात, पण चुलीवरची भाकरी करपू दिलीत ती तेव्हा पहिल्यांदा.

पुण्याच्या ऑपरेशनबद्दल त्याच बाईडॉक्टरांनी सांगितलं. नवीन आहे, आपल्याकडे फार थोड्या जणांचं झालंय, वजन ठरावीक आकड्याच्या वर असेल तरच करतात. माझं नेमकं वजन किती ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या काट्याची सुई शेवटाला जाऊन टेकली होती. मग दुपारी लिलाव उरकल्यावर आपण बाजार समितीत गेलो आणि मी कांद्याच्या काट्यावर उभी राहिले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. हमाल तोंड फिरवून उभा होता, बिचारा. आणि मी उतरल्याबरोबर तुम्ही लुगडं आवरून वर चढलात. "आता आलोच हाय तर माजंबी बघा की." तुम्ही माझ्या निम्म्यानेही भरला नाहीत. वाटेत तुम्ही विचारात पडला होतात. "एकाच चुलीवरचं खातो आपुन," म्हणालात, "तुज्या अंगाला लागतं आन माज्या लागत न्हाई. ह्यात तुजी काय चूक, सांग बरं." तोवर कुणी मला असं म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनीसुद्धा नाही.

पुण्याहून परतल्यावरचा रविवार. रविवारी खानावळीत मटण. तुम्ही बोकडाचं पोट आणलंत, परातीत धुतलंत, आणि मला हाक मारलीत. "हिकडं ये. बघू तरी काय करनार हायेत ते." बोकडाचं आपल्यासारखं नसतं, त्याला चार खोल्या, हे तुम्ही मला सांगून झालं. मग त्यातला एक कप्पा घेऊन डॉक्टरांच्या चित्रासारखी वर सुतळी आवळलीत, मधे करंगळीएवढी वाट ठेवलीत आणि वरच्या तोंडातून पाणी ओतायला लागलात. वरची पिशवी लगेच तट्ट फुगली. मग थेंबथेंब खाली. आपण दोघी परातीवर वाकून, डोक्याला डोकं टेकवून बघत होतो. मला भीती वाटायला हवी होती, पण माझी नजर हलत नव्हती. तुम्ही आणखी पाणी ओतलंत, ते बाहेर सांडलं. "म्हंजी जास्त खाल्लं तर वकारी," तुम्ही म्हणालात. मग हातातलं भांडं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "एवढ्यात तुजं भागंल गं? आन मी मग कुनाला वाढू?"

डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. जाड माणसाला भुलेचा धोका जास्त. टाके सुटू शकतात. आणि एवढं करून मूल होईलच याची हमी कुणी देणार नाही, फक्त शक्यता वाढेल. तुमचा मुलगा म्हणाला, "मला पोर नसलं तरी चालंल. तू पायजेस." तो मनापासून बोलला, पण त्यानं माझा निर्णय सोपा झाला नाही, उलट अवघडच झाला, आता कुणाच्या दबावानं करते असंही म्हणता येईना. तुम्ही शेंगा निवडत होतात. मान वर न करता विचारलंत, "तुला सोताला कसं व्हायचंय?" मी म्हटलं, मला एकदा, औषधाशिवाय, आपोआप पाळी यायला हवीय. मला बघायचंय माझं शरीर ते करतं का. तुम्ही शेंगांची टरफलं सुपातून बाहेर उडवलीत. "मग जाऊ. मी येते संगं."

ऑपरेशन झालं, नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात. भुलेतून उठले तेव्हा तुम्ही पलंगाच्या पायाशी उभ्या होतात आणि नर्सला विचारत होतात की टाचण्या लोखंडाच्या का पितळेच्या. घरी आल्यावर तुम्ही मला डाळीचं वरचं पाणी चमच्यानं भरवलंत, मग पेज, मग मऊ भात. मटणाचा एक घास घशाखाली अडकला तेव्हा पाठ चोळलीत आणि त्यानंतर माझ्यापुढे मटणाचं ताट कधी ठेवलं नाहीत. केस गळले, गालफडं बसली, येणारे-जाणारे विचारू लागले की सुनेला काय आजार आहे. आणि पाचव्या महिन्यात पाळी आली. आपोआप. मी मोरीतून ओरडून तुम्हाला सांगितलं, बाहेर गिऱ्हाइकं बसली होती, तरी तुम्ही ओरडून म्हणालात, "आली व्हय?"

डॉक्टरांनी दीड वर्ष मूल होऊ द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. ते तुम्हाला कधी पटलं नाही. "पोरासाठी पोट शिवलं, आन आता पोर नको म्हनतो?" पण आत्याबाई, ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातला फार चांगला काळ होता. मी एक्स्चेंजच्या जिन्यानं न थांबता चढायचे. सायकल शिकले, तिशी ओलांडल्यावर. मूल हवं असणं कुठेतरी मागे पडलं होतं आणि मला त्याचं नवल वाटायचं. त्याच दिवसांत एका सकाळी कणीक मळता मळता तुम्ही कलंडलात. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, गोळ्या घेऊन, एकदा तिसऱ्या महिन्यात पोटातलं गेल्यावर, मला मुलगी झाली. तुमच्यासारखीच काटकुळी आहे, आणि कुणालाही काहीही विचारते. परवा तिनं विचारलं, आजीच्या हातचं कसं असायचं गं? मी सांगितलं, झणझणीत, वर लाल तवंग, खोबरं खमंग भाजलेलं. ती ऐकत राहिली. खरं तर ते सगळं मी पाहिलेलं सांगत होते. तुमचे हात आठवतात, वाढण्याची घाई आठवते, भाकरीचा आवाजसुद्धा आठवतो. पण चव आठवत नाही, आत्याबाई. कितीही प्रयत्न केला तरी येत नाही. तिला हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं.