तिसऱ्या रांगेचं कडवं

४ मार्च, सोमवार

टक्. टक् टक्.

डस्टरची लाकडी पाठ टेबलावर आपटल्याचा आवाज. त्यानंच आज जाग आली. चौसष्ट वर्षांपूर्वीचा आवाज, आणि किती कानाशी! उठून बसलो. खोलीत कोणी नव्हतं. पाय मात्र जमिनीवर जुळवून ठेवलेले — वर्गात उभं राहायच्या तयारीत!

चौथीचा वर्ग. चार रांगा. गुरुजींनी आमच्यासाठी स्वतः एक कविता केली होती, चार कडव्यांची. एकेका रांगेला एकेक कडवं वाटून दिलं होतं. इतर रांगांचं आपण पाठ करायचं नाही. वहीत उतरवायचं नाही. फळ्यावर तर त्यांनी ती कधी लिहिलीच नाही. ते तोंडानं सांगत, आम्ही घोकत असू. डस्टर वाजला की पहिली रांग उठायची, पुन्हा वाजला की दुसरी. "एक रांग गप्प बसली तर वाट मध्येच तुटेल हं!" असं म्हणायचे. कविता पायवाटेवर होती.

मी पहिल्या रांगेतला.

पायवाट ही एक पाहिली गवतामधुनी जाणारी
कुणी न केली, कुणि न आखली, पाउलांतुनी होणारी

हे आमचं. एवढं म्हणून खाली बसलो की दुसरं कडवं मी लक्ष देऊन ऐकायचो. तिसऱ्यापर्यंत खिडकीतून बाहेर गेलेलो असायचो. ढग, कौलांवरचं मांजर, कसलंही निमित्त पुरायचं. चौथ्याला डस्टर वाजला की परत वर्गात! म्हणून पहिलं, दुसरं, चौथं आजही तोंडपाठ आहे. तिसरं मी खिडकीत घालवलं.

नंतर छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. कितीतरी कविता या बोटांखालून गेल्या, उलट्या अक्षरांत. तीच एक कधी आली नाही. येणार कुठून? ती फक्त आमच्या तोंडात होती. आणि ती तोंडं आता किती उरली असतील?

दर गुरुवारी चार वाजता रेडिओवर 'विसरलेल्या ओळी' लागतं. कुणी अर्धी कविता कळवतं, कुणी उरलेली पाठवतं. गेल्या खेपेला निवेदिका बाई म्हणाल्या, की मार्चअखेर हा कार्यक्रम बंद. एवढं ऐकू आलं. पुढे खरखर.

आज पत्र टाकलं. तिन्ही कडवी लिहिली, तिसऱ्याची जागा कोरी ठेवली. तिसऱ्या रांगेतलं कुणीतरी असेल, ऐकेल, कळवेल. पण कळवलं तर मला ऐकू येईल का — हा खरा प्रश्न!

५ मार्च, मंगळवार

रेडिओबद्दल लिहायलाच हवं, म्हणजे राग तरी उतरेल.

समोर सात मजली इमारत उभी राहिली आणि आमचं केंद्र तिच्या मागे गेलं. टेबलावर ठेवला तर शिट्टी. कपाटावर ठेवला तर कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्या, त्याही भांडल्यासारख्या. गादीवर आडवा केला तर तीन मिनिटं अगदी स्वच्छ गाणं. आनंदानं जरा मान डोलावली की गेलं! मान हलवायची नाही, हे तरी कसं जमावं?

सूनबाई म्हणाली, "अण्णा, तो रेडिओ तुमच्यासारखा झालाय. जेवायला हाक मारली की ऐकू येत नाही, नको ते बरोबर ऐकू येतं."

मी म्हटलं, हेही ऐकू आलं.

हसली. शिवणयंत्र बंद करून आली, स्वयंपाकघराच्या खिडकीत ताट उपडं घातलं, त्यावर रेडिओ ठेवला. थोडं बरं वाजलं. गिऱ्हाइकाचे पडदे तसेच अर्धवट टाकून आली होती. इथं लिहून ठेवतो.

७ मार्च, गुरुवार

चार वाजून दोन मिनिटं. बाईंचा आवाज आला. चार वाजून तीन मिनिटं — चर्रर्र! खाली वेल्डिंगवाल्यानं काम सुरू केलं. त्याची ठिणगी उडाली की माझ्या रेडिओत कढई तापते.

काठी घेऊन जिना उतरलो. तो तोंडावरची काच वर करून म्हणाला, "काय आजोबा, पेटलायत वाटतं?"

"तूच पेटवलायस. अर्धा तास थांबशील का रे?"

"हे फाटक आज द्यायचंय. कशासाठी थांबू?"

"कवितेसाठी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करतोय का म्हणून बघत असावा. मग यंत्र बंद केलं, स्टुलावर बसला, विडी काढली. "कवितेसाठी आजवर कुणी थांबवलं नव्हतं. जा वर, लवकर!"

वर पोचेपर्यंत कार्यक्रम संपला होता. दोन मजले, माझे गुडघे, दर चार पायऱ्यांवर विसावा. पण परत खाली जाऊन आभार मानले. "आता दर गुरुवारी चार वाजता माझा चहा," म्हणाला. "तुमच्या बाई घसा साफ करतात तेवढ्यात मी कप हातात घेईन."

१० मार्च, रविवार

चिरंजीव बस आगारात गाड्या दुरुस्त करतो. आज सुट्टी असून दिवसभर आमच्या रेडिओखाली आडवा. तांब्याची तार आणली. खिडकीतून बाहेर, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून फिरवून परत आत. आणि मग एक चमत्कार कळला! तारेचं टोक हातात धरलं की आवाज येतो, सोडलं की जातो. मी धरलं तर खरखर. त्यानं धरलं तर शिट्टी. सूनबाईनं धरलं तर बातम्या सांगणारा माणूस घरात येऊन बसल्यासारखा!

"घ्या," चिरंजीव म्हणाला, "तिच्यापुढे सगळेच नीट बोलतात. मी सांगत नव्हतो?"

"हो ना. एक तुम्ही सोडून."

ठरलं. गुरुवारी चार ते साडेचार सूनबाई तारेवर.

११ मार्च, सोमवार

चिरंजीवाची आई आज असती तर म्हणाली असती, "एका कडव्यासाठी सगळ्या घराला टांगलंत!" खरं आहे. पण तारेचं टोक तिनंच आधी धरलं असतं.

१४ मार्च, गुरुवार

सगळं लिहितो.

पावणेचारला शिवणयंत्र बंद. चारला खालचा वेल्डिंगवाला ओरडला, "आजोबा, कप हातात आहे!" चिरंजीव अर्धी रजा टाकून आला होता, खिडकीशी दोरी ताणून उभा. सूनबाई मधोमध, दोन्ही हातांत तार. मी खुर्चीत, कान रेडिओला.

दोन पत्रं झाली. आणि मग — "पुढचं पत्र आहे एका निवृत्त जुळाऱ्यांचं. आयुष्यभर यांनी छापखान्यात दुसऱ्यांच्या ओळी जुळवल्या..." आणि माझं नाव! पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. मग पायवाट. बाईंनी काय वाचली! घाई नाही, गळा काढणं नाही. चौथं कडवं तर —

गेले त्यांचे नाव न उरले, उरली त्यांची वाट पुढे
मागुन येइल त्याच्या पायी धूळ तयांची हळू चढे

"श्रोतेहो," त्या म्हणाल्या, "या आजोबांसाठी मी आज नेहमीचा नियम मोडून —"

आणि सूनबाईनं टाळ्या वाजवल्या!

दोन्ही हातांनी. तार जमिनीवर. खर्रर्र.

तिनं झडप घालून तार उचलली, चिरंजीवानं दोरी ओढली, मी रेडिओला थापट्या मारल्या. आवाज परत आला तेव्हा कुणा तिसऱ्याचंच पत्र चाललं होतं.

"सोडलीस कशाला!" मी ओरडलो. या घरात सतरा वर्षांत तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तिनं तार खुंटीला गुंडाळली आणि यंत्रावर जाऊन बसली. यंत्र मात्र सुरू केलं नाही.

बाईंनी कसला नियम मोडला? काय सांगितलं? आता कधी कळायचं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

रात्रभर विचार केला. सकाळी चहा मी केला. साखर जास्त झाली. कप तिच्या यंत्रावर ठेवला आणि उभा राहिलो. शब्द सुचेना. कविता म्हणणारा माणूस मी!

तीच म्हणाली, "अण्णा, मी तुमच्या नावाची वाट बघत होते. नाव आलं तोवर धरून ठेवलं. पण बाई म्हणायला लागल्या आणि तुमचा चेहरा असा झाला... हात कधी सुटले कळलंच नाही."

"कसा झाला होता?"

"चौथीतल्या मुलासारखा."

मी म्हटलं, पोरी, चुकलं माझं. चौऱ्याहत्तर वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. पहिली वाजली, आणि मी वाजवणारीवर ओरडलो.

"पुढच्या वेळी तोंडानं वाजवीन," ती म्हणाली. चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि सगळा प्यायली.

खाली वेल्डिंगवाल्याला कळलं तर तो म्हणाला, "मग हात तारेला चिकटवून देऊ का? आहे सामान!"

किती हसलो! आणि तरी मधूनमधून ते वाक्य कानात अर्ध्यावर येऊन थांबतं. नियम मोडून काय?

२१ मार्च, गुरुवार

आज सगळं स्वच्छ. सूनबाईनं श्वाससुद्धा बेतानं घेतला. बाई म्हणाल्या, "पायवाटेच्या तिसऱ्या कडव्यासाठी अजून एकही पत्र आलेलं नाही."

इतकं स्वच्छ कशाला ऐकू यायला हवं होतं!

२८ मार्च, गुरुवार

शेवटचा कार्यक्रम. शेवटची पत्रं, शेवटचे आभार. पायवाटेचा उल्लेख नाही. संपलं. सूनबाई तार हातात घेऊन तशीच उभी. पुढे हवामान लागलं, मग जाहिरात, तरी सोडेना.

"ठेव आता," मी म्हटलं.

"अजून सांगतील कदाचित."

चिरंजीव माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. आगारातून थेट आला होता, हातही धुतले नव्हते. खालून हाक आली, "आजोबा, मिळालं का?" मी खिडकीतून मान हलवली. त्यानं बराच वेळ यंत्र सुरू केलं नाही. साडेचार होऊन गेले होते, त्याचा काही करार उरला नव्हता.

तिसरी रांग गेली असेल. सगळीच्या सगळी. वाईट वाटतंय, खोटं कशाला लिहू? मी ऐकलं असतं तर आज ते असतं. एक मूल खिडकीबाहेर बघत बसलं आणि एक कडवं जगातून गेलं.

पण चार आठवडे एका घरानं, शिवाय खालच्या एका माणसानं, माझ्यासाठी हातातलं काम थांबवलं. एवढं काही मी मागितलं नव्हतं. मिळालं. कुणाचे आणि कसे आभार मानावेत, कळत नाही. म्हणून तुला सांगतो आहे, कागदा.

३० मार्च, शनिवार

घाईत लिहितो. पाहुणे मोरीत हातपाय धुताहेत, सूनबाई चहा टाकते आहे.

दुपारी दार वाजलं. मी उघडलं. दारात एक अतिशय म्हातारे गृहस्थ. कोट, हातात छत्री, ताठ. बाजूला वेल्डिंगवाला, त्यांची पिशवी घेऊन — "आजोबा, हे तुमच्याहून मोठे आजोबा. दोन मजले चढले, हात धरू दिला नाही!"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पत्रात 'आमचे दिवंगत गुरुजी' असं लिहिणारा तूच का?"

मी दाराची चौकट धरली.

"एकवीस वर्षांचा होतो मी तेव्हा. तू दहाचा. मला इतक्या लवकर कशाला मारलंस?"

कोट होता, मिशी होती — आम्हाला ते तेव्हाच म्हातारे वाटायचे! चौसष्ट वर्षं मी त्यांना म्हातारंच धरून चाललो. साधी वजाबाकी केली नाही.

बाईंनी नियम मोडून माझा पत्ता सांगितला होता, दोनदा. गुरुजींनी तो लगेच लिहून घेतला. पत्र मात्र टाकलं नाही. "अक्षर थरथरतं आता. विद्यार्थ्याला असलं अक्षर दाखवायचं का?" म्हणून दोन बस बदलून स्वतः आले!

मी विचारलं, "गुरुजी, तिसरं कडवं?"

ते खुर्चीत बसले. छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली. "मला तर सबंधच आठवत नव्हती रे. कविता केली होती एवढंच ठाऊक. बाईंनी वाचली तेव्हा कळलं, काय केली होती ते." मग म्हणाले, "म्हण पुन्हा. तुझ्या तोंडून ऐकायचीय."

उभा राहिलो. तिन्ही कडवी म्हटली. चिरंजीव, सूनबाई, वेल्डिंगवाला, सगळे दाराशी. गुरुजी डोळे मिटून होते. चौथं संपलं तरी उघडेनात. मला भीती वाटली.

मग म्हणाले, "दुसऱ्यातून चौथ्यात एकदम उडी बसते. मध्ये काहीतरी हवंच. गेलं ते गेलं, नवीन करू. शब्द मी सांगतो, तू लिही — नको, मीच लिहितो, थरथरलं तर थरथरलं. वही आण."

घरात कोरी वही एकही नाही. आहे ती ही. मागची पानं त्यांनी वाचू नयेत अशी फार इच्छा आहे. वाचतीलच, आणि ऱ्हस्वदीर्घही तपासतील.

मोरीचं दार वाजलं. पुढचं पान कोरं सोडतो.