बाबांचा फेरा आणि पाचवा गिअर

४ नोव्हेंबर, सकाळ
गाडी चढावर दगा देते. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. मिस्त्री बघून गेला. म्हणाला, क्लचप्लेट गेलीय, अर्ध्या दिवसाचं काम, उद्या टाकून देतो. या लोकांची दृष्टीच तोकडी. बाबांनी तीस वर्षं जपलेली गाडी आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तर चारऐवजी पाच गिअरचा का बसवू नये? आणि हात काळे होणारच आहेत तर इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगाही बदलाव्यात. मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावलं. मी स्वतः करणार. व्हिडिओ बघून झालेत.

मुदत ३० नोव्हेंबर. त्या दिवशी बाबांचं लायसन्स संपतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलंय की नवीन मिळणार नाही. बाबांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. काल जेवताना म्हणाले, लायसन्स आहे तोवर एकदा स्वतः चालवत तळ्यापर्यंत जाऊन येईन म्हणतो. मी शब्द दिला.

६ नोव्हेंबर
इंजिन बाहेर. शेडच्या तुळईला चेनपुली लावून उचललं. अधांतरी लटकलेलं इंजिन बघून ऊर भरून आला. हिने विचारलं, हे परत आत जाणार ना? दुर्लक्ष केलं. मग म्हणाली, कुठली वायर कुठे होती त्याचे फोटो तरी काढून ठेवा. ऑफिसात पूर्ण डिस्पॅच सेक्शन माझ्या हाताखाली आहे. क्रम म्हणजे काय ते मला शिकवू नये.

७ नोव्हेंबर
पाठ धरली. विश्रांती.
बाबा चपला घालून शेडच्या दाराशी आले होते. त्यांना सांगितलं, डोळ्यांत थेंब घालताय, इथली धूळ बरी नाही. आतून कडी लावून घेतली. त्यांना थेट तयार गाडीच बघू दे.

११ नोव्हेंबर
भंगारवाल्याकडून पाच गिअरचा गिअरबॉक्स आणला. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा आहे. एकच गोष्ट.

१२ नोव्हेंबर
एकच गोष्ट नाही. चार बोटं लांब आहे. त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड करावा लागणार. लेथवाल्याकडे गेलो. म्हणाला, रांग आहे, आठवडा तरी लागेल. मी म्हणालो, वडिलांचं लायसन्स संपतंय. तो म्हणाला, साहेब, इथे येणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही संपतच असतं. उद्धट माणूस. दांडा त्याच्याकडेच ठेवून आलो.

१६ नोव्हेंबर
ताईचा फोन. मोठी बहीण असल्याचा फायदा ती अजून घेते. म्हणाली, तू राहू दे, बाबांना माझी गाडी चालवू दे, ऑटोमॅटिक आहे. फोन बाबांकडे दिला. ते म्हणाले, तुझ्या गाडीत डाव्या पायाला कामच नाही, ती कसली गाडी. बाबांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. ताईने फोन ठेवण्यापूर्वी विचारलं, खरंच होणार ना रे? मी म्हणालो, ऐंशी टक्के झालंय. इंजिन अजून लटकतंय, पण मानसिक तयारी धरली तर ऐंशी नक्की.

२१ नोव्हेंबर
दांडा मिळाला. इंजिन आत, गिअरबॉक्स खाली. दिवसभर उताणा पडून होतो. शेवटी चार बोल्ट उरले. कंपनीवाले मुळातच जास्तीचे लावतात. डब्यात टाकले.
संकल्प: उद्यापासून पाठीचे व्यायाम.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
सगळं जोडून झालं. प्लगच्या वायरी अगदी ओळीने लावल्या. एक, दोन, तीन, चार. बघत राहावं असं काम.
स्टार्टर मारला. गाडी खोकली, शिंकली आणि बंदुकीचा बार काढावा तशी मागून फाटकन वाजली. शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीवर काजळी. ही जाऊन माफी मागून आली. बाबा व्हरांड्यातून म्हणाले, वायरींचा क्रम बघ. बघितला. क्रम चोख आहे. या वयात माणसाला काहीतरी सुचवावंसं वाटतं, आपण हो म्हणावं.

२६ नोव्हेंबर
बॅटरीचा दोष. नवी आणली. गाडी तशीच शिंकते, फक्त जास्त जोरात.

२७ नोव्हेंबर
पेट्रोलचा दोष. सगळं काढून नवीन भरलं. पंपवाल्यांवर भरवसा राहिला नाही. बाबा पुन्हा दोनदा दाराशी आले होते. कडी काढली नाही. माझं लक्ष विचलित होतं.

२८ नोव्हेंबर
सकाळी बाबा बुटांना पॉलिश करत बसले होते. हिला हळूच विचारत होते, शेडमधून आज आवाज नाही आला, झालं वाटतं? तिने माझ्याकडे बघितलं. खरं लिहायचं तर भीती वाटतेय.

२९ नोव्हेंबर
मिस्त्रीकडे गेलो. मदत मागायला नव्हे, काम कुठवर आलं ते कळवायला. दुकानाला कुलूप. बाहेरगावी गेलाय, परवा येणार. कुलपाकडे बराच वेळ बघत उभा होतो.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
दुपारपर्यंत स्टार्टर मारून मारून नवी बॅटरीही बसली. ताई गाडी घेऊन मुक्कामाला आली होती. चार वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, घड्याळ बांधून शेडपाशी आले. मी म्हणालो, अजून पंधरा मिनिटं. ते म्हणाले, तुझी पंधरा मिनिटं महिनाभर चाललीत. कडी काढायला लावली. गाडीचं दार उघडून बसले, सीट पुढे घेतली, आरसा स्वतःपुरता फिरवला आणि म्हणाले, ढकला.

मी, ही आणि ताई. गल्लीला कोपऱ्यापर्यंत बेताचा उतार आहे. गाडी निघाली. बाबांनी क्लच दाबून पहिला टाकला, मग दुसरा, तिसरा, चौथा. पाचवासुद्धा. वेग बैलगाडीचा. एक कुत्रं आडवं आलं तर रीतसर हॉर्न दिला. कोपऱ्यावर वळवताना पुढचं चाक फुटपाथवर चढलं. दिव्याचा खांब वीतभर लांब असताना बाबांनी ब्रेक दाबला, तोही ताई ओरडली म्हणून. खांब त्यांना दिसलाच नव्हता.

ते बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले. मी जाऊन फुटपाथवर चढलेलं चाक तपासलं, टायरची काळजी म्हणून.

मग उतरले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, छान झालीय गाडी, आवाज तर अजिबात नाही. ताई हसत सुटली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. चढावर गाडी परत ढकलायची कोणातच ताकद नव्हती. कोपऱ्यावरच ठेवली.

नोंद: इंजिन सुरू असतं तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. न सुरू होण्यामागे एका अर्थी माझी दूरदृष्टीच म्हणायची.

१ डिसेंबर
सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, वायरी कशा लावल्यास? सांगितलं, एक, दोन, तीन, चार. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, एक, तीन, चार, दोन. त्या इंजिनात ठिणगी त्याच क्रमाने पडते, गाडी घेतली तेव्हापासून. मी म्हणालो, मग आधी नीट का नाही सांगितलंत? म्हणाले, सांगितलं होतं, नंतर दोनदा दाराशीही आलो, तू कडी काढली नाहीस.

मी चहा संपवला. यावर काही लिहीत नाही.

दोघं कोपऱ्यावर गेलो. बाबांनी माझा दंड धरला होता. दोन मिनिटांत वायरी बदलल्या, ताईच्या गाडीवरून बॅटरीला करंट दिला. पहिल्या फटक्यात सुरू. काय सुरेख आवाज. माझ्या कामात मुळात खोट नव्हती, फक्त क्रमाचा प्रश्न होता.

बाबा सवयीने उजव्या दाराकडे गेले. मुठीवर हात ठेवला. तसेच उभे राहिले. मग बॉनेटला हात लावत लावत वळसा घालून पलीकडे जाऊन बसले.

तळ्यापर्यंत जाऊन आलो. मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय तिकडे आपोआप दाबला जात होता. तो मला दिसत होता. परत येताना पाचवा टाकला आणि विचारलं, बाबा, कशी वाटली गाडी?

ते बाहेर बघत होते. म्हणाले, काल जास्त चांगली चालली होती.