विटाळलेला चिमटा

१८ जुलै १९७९
हात धुण्यावर तास घेतला. सभेत बोलावं तसं बोलले. नर्सिंगच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. दुपारी वॉर्डात बघते तर दिघोरीची वनमाला पू आलेल्या जखमेचं ड्रेसिंग करून थेट पुढच्या खाटेकडे. हात? "कुठं काही लागलं जी?" उलटेपालटे करून दाखवले. टाळ्यांची कमाई एवढीच.

२० जुलै
पडद्याआड वनमाला नव्या मुलीला शिकवत होती. "उकळलेल्या चिमट्याले हात लागला का विटाळला समज. पुन्हा उकळ." मुलीला लगेच समजलं. मी तासभर बोलून जे...
तोच शब्द. त्याच्यापायी आई विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणी घागरीत पाणी ओतेल म्हणून. छप्पन साली बौद्ध झालो ते हा शब्द अंगावरून उतरवायला.

२१ जुलै
वर्गात सांगितलं, तो शब्द इथे नको.
"मंग काय म्हणू जी?" वनमाला.
"निर्जंतुक राहिला नाही, म्हण."
"त्याच्यानं पोटातले जंत आठवतात जी."
सगळ्या हसल्या. मीही.

२५ जुलै
वॉर्ड. एका खाटेवर व्यापाऱ्याची बायको, टाक्यांतून पू. शेजारी कोंढ्याची सरू, आमच्याच समाजातली, सिझेरियन झालेली, टाके कोरडे. वनमाला शेठाणीचं ड्रेसिंग आटोपून, ॲप्रनला हात पुसून सरूकडे. मी पोचेपर्यंत पट्टी बांधून झालेली. सरूला शिवून झाल्यावर मात्र मोरीवर कोपरापर्यंत साबण.
"शेठाणीनंतर काहून नाही धुतले?"
"त्या तर चांगल्या घरच्या..." जीभ चावली. मी कोण, तिला माहीत आहे.

२८ जुलै
सरूला ताप. टाके लाल. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली.
"बाई, मले काहून ताप आला? मी तं पथ्यच पाळून राहिली."
कपाळावर हात ठेवला.

३० जुलै
मेट्रन म्हणाल्या, "वनमालाचा शब्द राहू द्या. मुलींना लवकर कळतो. भाषणं सभेत करा."
उत्तर होतं माझ्यापाशी. पण माझ्या भाषणानेही हात धुतले गेले नाहीत; सरूच्या टाक्यांतून आता पू येतो.
संध्याकाळी वनमाला रडत आली. "सरूले हात लावला तवा धुतलेच ना जी मी."
"नंतर धुतलेस."
"हो. नंतरच तं धुतात."
आमच्यातल्या कोणाला शिवलं की तिच्या घरी तसंच असेल. राग कोणावर काढू?

१ ऑगस्ट
ताप उतरत नाही. इंजेक्शन बदललं.
आज सरूला हात लावण्याआधी वनमाला मोरीशी उभी राहिली. नखं, बोटं, कोपरापर्यंत. मी शिकवलं होतं अगदी तसं.
खाटेवरून सरू तिच्याकडे बघत होती. वनमाला जवळ आली तशी तिने लुगडं आवरलं, अंग चोरलं आणि ती भिंतीकडे सरकली, धुतलेल्या हातांना आपला विटाळ नको म्हणून.