चार बोटांची चीर

मंगळवार, ड्यूटीवरून आल्यावर.

सकाळी लष्कर मोहल्ल्यातल्या काकूंच्या खुब्याचा सांधा बदलताना ड्रिलचं टोक हाडात मोडलं. ड्रिल मीच डॉक्टरांच्या हातात दिलं होतं. टोक काढायचं तर चीर वाढवावी लागली असती. "राहू दे आत, काही त्रास होत नाही," डॉक्टर म्हणाले. नसेलही होत. पण घरच्यांना सांगायला नको? विचारलं, तर म्हणाले, "उगाच घाबरतील."

निघताना वॉर्डात गेले, तर काकू शेजारच्या बाईला बोटं दाखवत होत्या. "नोडी, बघा, चार बोटांचीच चीर." मग माझ्याकडे वळून, "सिस्टर, आत सगळं नीट बसलंय ना?"

मी उशी सारखी करत हो म्हणाले. इतकं सहज कसं म्हणाले?

काकूंनी माझा हात धरला. "तुझ्या हाताला गुण आहे गं."