उत्स्फूर्तपणाचा रकाना

३ मार्च
आजपासून रोजनिशी. चौदा वर्षं फॅक्टरीत प्लॅनिंग सांभाळलं. गेल्या महिन्यात साहेबांनी प्लॅनिंग विभागच बंद केला. आता फॅक्टरी कशी चालते ते बघतोच. (चालू आहे म्हणे. बघू.)

मी खचलेलो नाही. फॅमिली व्हिडिओ चॅनल काढतोय. नाव: ‘आम्ही चौघं’. मी, बायको, मुलगी आणि माझे वडील. लोक उठसूट चॅनल काढतात आणि तोंडावर आपटतात, कारण प्लॅन नसतो. माझ्याकडे प्लॅनशिवाय दुसरं काही नाही.

५ मार्च
सहा महिन्यांचा चार्ट हॉलच्या भिंतीवर लावला. विषय, वाक्यं, हातवारे, सगळ्यांचे रकाने. बायको चष्म्याच्या दुकानातून दमून आली होती, तरी उभ्यानं वाचला. म्हणाली, मोबाइल काढायचा आणि सुचेल तसं बोलायचं, असं नाही का चालत? कीव आली. मुलगी म्हणाली, तिला उद्या कॉलेजात तोंड दाखवायचंय. वडिलांनी तिच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती तयार झाली. विषयच तसा दमदार आहे.

९ मार्च
पहिलं शूटिंग. विषय: हसतंखेळतं घर. सगळे पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखे बसले. वडिलांना एकच वाक्य होतं. त्यांनी ते बातम्यांसारखं वाचलं: ‘आमच्या घरात सतत हास्यविनोद चालतो, कंसात हसतात.’ सहा वेळा घेतलं. सहाही वेळा कंस वाचला.

दोष माझाच म्हणावा लागेल, म्हणजे एका अर्थानं. उत्स्फूर्तपणाचं प्लॅनिंग राहून गेलं होतं. चार्टला नवा रकाना जोडला: ‘उत्स्फूर्त’.

१० मार्च
तालीम. उत्स्फूर्त हसणं दोनदा, टोमणा एकदा. टोमणा बायकोनं मारायचा, मी दिलखुलासपणे घ्यायचा. तिला टोमणाच सुचेना. एरवी मागावा लागत नाही. शेवटी मीच लिहून दिला. तिनं तो इतक्या प्रेमानं मारला की वाया गेला.

१६ मार्च
अपलोड केलं. संध्याकाळपर्यंत बघणारे चार. आम्हीही चौघंच. योगायोग असावा.

निश्चय: आकड्यांकडे बघायचं नाही. (पाच झाले. पाचवा मीच, बाथरूममधून.)

२२ मार्च
बरं नाही वाटत. सकाळी बायको दुकानात गेली, मुलगी कॉलेजला, वडीलसुद्धा फिरायला. जाताना तिघांनीही मला विचारलं, काही हवंय का? आजाऱ्याला विचारतात तसं. मी नसलो तरी हे घर असंच चालेल. दुपारी चार्टसमोर उभा राहिलो आणि चक्क रडलो. चॅनल बुडालं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे मला खरंच माहीत नाही.

तोंड धुतलं. एप्रिलच्या रकान्यात दोन दुरुस्त्या केल्या.

३० मार्च
शूटिंग. टोमणा पुन्हा फसला, म्हणून सुधारित पान काढायला बेडरूममध्ये प्रिंटरकडे गेलो. प्रिंटर अडला, पान निघायला वेळ लागला. परत आलो तर सगळे आपापल्या जागी, पाठी ताठ. शिस्त आता अंगात भिनतेय. कॅमेरा बंद करायचा राहिला होता. उगाच रेकॉर्ड झालेलं कापावं लागणार.

३१ मार्च
कापायला बसलो.

मी दाराबाहेर गेल्याबरोबर बायकोनं चमचा माईकसारखा धरला आणि माझी नक्कल केली. भुवया, बोट, ‘चार्टप्रमाणे, चार्टप्रमाणे’. हुबेहूब. वडील खुर्चीतून घसरायला आले. मुलगी डोळे पुसत हसत होती. तिचं असं हसणं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. चार्टमधलं एक अक्षर नाही आणि आजवरचं सगळ्यात चांगलं शूटिंग.

मग वडील म्हणाले, ‘पुरे, येईल तो. चेहरे सरळ करा. सध्या तेवढंच काम आहे त्याला.’

मुलगी म्हणाली, ‘आजोबा, बाबा बरे होईपर्यंत मी कितीही वेळा करीन.’

दार उघडलं. मी आत आलो, हातात कागद. सगळ्यांच्या पाठी ताठ.

हे पुन्हा पुन्हा बघितलं. कापलं नाही. अपलोडही नाही करणार.

६ एप्रिल
शूटिंग ठरल्याप्रमाणे. चार्टमध्ये माझी कामं बदलली आहेत. एक: कॅमेरा चालू करणे. दोन: टोमणा नापसंत करणे. तीन: सुधारित पान आणायला जाणे.

आज तीनदा गेलो. बेडरूमच्या दाराला कान लावला की हॉलमधलं सगळं नीट ऐकू येतं. तिसऱ्या वेळी वडीलही माझी नक्कल करायला लागले होते. मीही हसलो, तोंडावर उशी धरून.

प्रिंटर परवापासून बंद आहे, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.