जुळे मेंढे आणि पालखीचा मान

खराडी, यात्रेनंतरचा मंगळवार

ती. जयसिंग दाजींना बजरंगचा वाकून नमस्कार. अक्काचा गुडघा आता वाकतो का? फोनवर आपण 'बरं बरं' करून ठेवून देता, म्हणून लिहायला बसलो. इकडं सगळं क्षेम, म्हणजे विजयमाला क्षेम आहे. मी जळतोय.

आठवतंय ना, मी आणि शेजारच्या मच्छिंद्रनं एकाच मेंढीची जुळी कोकरं आणली होती? गेल्याच्या गेल्या दिवाळीला आपण आलात. माझं कोकरू धडका मारायचं, अंगाला उग्र वास, समोरच्या सोसायटीतली माणसं नाकाला रुमाल लावून जायची, म्हणून आपण त्याला चिमटा लावून खच्ची केलंत (जनावरांचा डॉक्टर घरचाच, त्यामुळे बोलावलं मीच, हौसेनं). मच्छिंद्रनं तो चिमटा पाहिला आणि आपलं कोकरू बगलेत मारून पळाला. "आमचा हाय तसा राहू द्या!" आपण दोघं किती हसलो होतो! आता तो हसतोय.

त्याचा मेंढा रेड्याएवढा झालाय, दाजी. दारातून तिरका आणावा लागतो. माझा शंभू म्हणजे नुसती गादी. आपण नंतर समजावलंत, की नराच्या गोळ्यांतला रस रक्तात उतरून मेंदूखालच्या ग्रंथीला ढोसतो, आणि मग ती वाढीचं संप्रेरक भसाभसा सोडते. हाड रुंदावतं, मांस चढतं. खच्ची केलं की ढोसणारा गेला. ग्रंथी आपली नळाच्या पाण्यासारखी जरा जरा सोडते, आणि खाल्लेल्या दाण्याची चरबी होते. समजलं. पण हे चिमटा लावायच्या आधी सांगायला आपल्या तोंडात काय पान होतं? मी शंभूला दुप्पट पेंड घातली, तो दुप्पट झोपायला लागला.

मच्छिंद्रनं मेंढ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला, गॉगल घालून (गॉगल मेंढ्याला, मच्छिंद्र खाली शुभेच्छुकांत). आयटीची पोरं येऊन सेल्फी काढतात. आमची विजयमाला माझ्या डोळ्यांदेखत त्याला घास नेऊन घालते, म्हणते, वाढतं अंग आहे बिचाऱ्याचं. (मला ती दुसरी भाकरी घेऊ देत नाही.)

हेही गिळलं असतं. पण भैरोबाच्या पालखीपुढं मेंढा चालतो, तो वळेल तिकडं पालखी वळते, आणि हा मान वडलांपासून आमच्या घरचा. यंदा पंचांनी तो मच्छिंद्रला दिला. मी शंभूला झूल घालून पंचांपुढं नेला, तर एकानं विचारलं, "हा सोफा कुठं ठेवायचा?" दाजी, मी त्याला मागच्या गल्लीनं घरी आणला.

यात्रेच्या दिवशी पालखी वेशीतून निघाली, आणि नदीकडून धनगराच्या मेंढ्यांचा कळप आला, सगळ्या माद्या. झालं! ज्या रसानं छाती रुंदावली, त्याच रसानं उचल खाल्ली. पुढं मेंढा, दाव्याला फरफटत मच्छिंद्र, मागं ढोल, त्यामागं पालखी (रिवाज मोडायचा कसा?), सगळी यात्रा कळपाच्या पाठी एका कंपनीच्या फाटकात शिरली. वॉचमननं पुजाऱ्याकडं ओळखपत्र मागितलं. शेवटी शंभूला बोलावणं आलं. त्यानं त्या मेंढ्यांकडं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, देवाला सरळ देवळात आणलं. आता मान कायमचा शंभूचा, असं पंच म्हणाले. मी दाराआड जाऊन रडलो. त्या चिमट्यासाठी आपल्याला शंभर अपराध माफ.

आपला मेहुणा,
बजरंग

ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. मच्छिंद्र आपला नंबर शोधतोय, मेंढा खच्ची करायला. हात जोडतो, येऊ नका. तो मेंढा वाढायचा तेवढा वाढून बसलाय. आता चिमटा लागला तर छाती आहे तशी राहील, आणि वर शंभूसारखा गरीबही होईल. मग माझ्या शंभूकडं राहिलं काय?

ता. क. २. पाकीट चिकटवताना विजयमालानं सांगितलं, की नंबर तिनंच दिला, आणि आपण रविवारीच मच्छिंद्रकडं येऊन, काम उरकून, मटण जेवून गेलात. आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीत. असो. रस्सा कसा होता ते कळवा. आमच्यापेक्षा चांगला असेल तर कळवू नका.