मोकळे सोडलेले खिळे

अम्मा, घरात आपण मराठी बोलायचो, पण लिहायचो तमिळ; तुला नागरी लिपी येत नव्हती. मीही ती लग्नानंतर दिल्लीत शिकले. म्हणजे तू असतीस तरी हे तुला वाचता आलं नसतं, आणि त्याच धीरावर लिहितेय.

बाळंतपणाला मी तंजावरला आले होते. घरात नुकताच केबल टीव्ही आला होता, पण तू त्याच्याकडे पाठ करून चाळणीच्या लाकडी कड्यावर विणत बसायचीस. कड्याला सभोवार खिळे, खिळ्यांना लोकरीचे वेढे, आकडीने खालचा फास उचलून वरच्यावरून पलीकडे टाकायचा. लहानपणी माझा एखादा फास निसटला की तू तो आकडीने एकेक पायरी वर आणायचीस, पण माझं विणलेलं कधी उसवलं नाहीस.

बारशाच्या आदल्या दुपारी तू झोपली होतीस. तू बाळासाठी विणलेल्या टोपीत मला उभ्या फटी दिसल्या. तुझे डोळे अधू झालेले, फास सुटले असणार. दिल्लीहून आलेल्या सासूबाई बघतील म्हणून मला धसकाच बसला. मी सगळी टोपी उसवली आणि एकही खिळा न सोडता घट्ट विणून टाकली. उठल्यावर तू ती हातात घेऊन उलटसुलट पाहिलीस आणि घडी घालून ठेवलीस.

बारशात बाळ रडून रडून लाल झालं. सासूबाईंनी टोपी ओढून काढली, डोकं घामाने थबथबलेलं. "ह्या उकाड्यात असली टोपी कुणी विणली?" सगळ्या बायका बघत होत्या. मी पदर नीट करत बसले.

"मीच की," तू म्हणालीस. "डोळ्यांना दिसत नाही मला आता."

नंतर स्वयंपाकघरात, रसम ढवळताना, माझ्याकडे न बघता एवढंच बोललीस, "लेकराला उकडंल मणून खिळे सोडले होते गं." मला तेव्हाही तुझे पाय धरता आले नाहीत. तुझ्या डोळ्यांची ती गोष्ट सासूबाई पुढे कितीतरी वर्षं हसत सांगायच्या. मीही हसायचे. त्याची लाज अजून जात नाही.

काल नातीच्या टोपीत मी मध्येमध्ये खिळे मोकळे ठेवले. सून म्हणाली, "आई, इथे सुटलंय वाटतं." मी तिला सगळं सांगितलं, अगदी खरं खरं. मोठी धीट झाले असं क्षणभर वाटलंसुद्धा. पण सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, अम्मा. त्या समोर असत्या, तर मी कालही गप्पच बसले असते.